वेताचा घागरा

मावशीने जन्मभर वेताच्या खुर्च्या विणल्या आणि स्वतः बसून पाहिल्याशिवाय एकही दाराबाहेर जाऊ दिली नाही. भाचीने मात्र आपल्या कपड्यांच्या प्रदर्शनासाठी तिच्याकडूनच विणून घेतलेला वेताचा घागरा तसाच घाईघाईने उचलून नेला. मावशीच्या जिवाला घोर लागला. उद्घाटनाच्या दिवशी ती तडक दालनात शिरली, पुतळ्यावरचा घागरा उतरवून जमिनीवर ठेवला आणि त्यावर चक्क बसली.

"मावशी, 'हात लावू नका' अशी पाटी आहे!" भाची किंचाळली.

"हात कुठे लावलाय? बसलेय."

घागरा कुरकुरलासुद्धा नाही. पाहुण्यांना हा कार्यक्रमच वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं ना तपासून? आता ऊठ," भाची काकुळतीला आली.

"थांब गं. आजवर तपासायलाच बसत आले. नुसती बसलेय ती आत्ता."