नाकवाल्यांची वही

आमचा ड्रायव्हर काय चीज आहे ते मी सकाळी साडेनऊलाच ओळखलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. बत्तीस वर्षं मी शाळेत परीक्षेला पहारा केलाय. कॉपी करणारं कार्टं आधी भलतंच नम्र होतं. हा माणूस दार उघडून, मान लववून "सावकाश बसा, बाई" म्हणाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

एका दिवसात डोंगरातल्या चार वायनऱ्या बघायच्या, असा बेत होता. हौस आमच्या ह्यांची. मीही घोटघोट चाखणार होतेच. एवढ्या लांब येऊन लिंबूपाणी कोण पितं! पण रस्ता म्हणजे वळणावर वळण, एकीकडे कडा, दुसरीकडे दरी, आणि आमचे दोन जीव या पन्नाशीच्या, गडद लाल स्वेटरवाल्या माणसाच्या हातात.

पहिल्याच चढावर त्याने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. सव्वीस वर्षं तो वायनरीच्या तळघरात होता. कुठलं पिंप तयार झालं, कुठलं बिघडायला लागलंय, हे नुसत्या वासावर सांगायचा. लोक त्याला नाकवालेच म्हणायचे. गेली दोन वर्षं मात्र गाडी चालवतोय.

"आज शेवटच्या वायनरीत मालकीणबाई माझी परीक्षा घेणार आहेत," तो म्हणाला. "जमलं तर उद्यापासून परत तळघरात. बायकोने सकाळी कपडेसुद्धा इस्त्री करून दिलेत."

"मग तळघर सोडलंत कशाला?"

"आजारपणात सुटलं," म्हणाला, आणि गिअर बदलला.

घ्या! पिऊन पडला असणार, म्हणून हाकलला असणार. मी ह्यांना कोपराने ढोसलं, पण हे खिडकीतून द्राक्षांचे मळे बघत बसले होते.

पहिल्या वायनरीत आम्ही वर चाखत होतो, तेवढ्यात हा खाली तळघरात गेला. "या, या, नाकवाले!" असा गलका वरपर्यंत ऐकू आला. पाऊण तासाने रुमालाने नाक-तोंड पुसत वर आला. हातात पेला, तळाला दोन बोटं वाईन.

"बाई, जरा वास घेऊन सांगता? कसला येतोय?"

माझं नाक लहानपणापासून तिखट. वर्गात मधल्या सुट्टीआधी कुणी डबा उघडला तर फळ्याकडे तोंड असताना मला कळायचं. म्हटलं, "आलुबुखार. थोडी मिरी. भिजलेलं लाकूड."

त्याने खिशातून छोटी वही काढली आणि शब्दन् शब्द उतरवून घेतला. मग पेला स्वतःच्या नाकाशी धरून, डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला.

"हे कशाला लिहिता?"

"सवय आहे, बाई."

दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच. तळघर, रुमाल, पेला, वही. आणि तिसऱ्या वायनरीतून निघालो तेव्हा गाडीत वाईनचा भपकारा सुटला. ह्यांचा नव्हे, ह्यांचा मला चांगला ओळखता येतो. पुढच्या सीटवरून येत होता. मी खिडकी उघडली, हँडल घट्ट धरलं आणि प्रत्येक वळणाला देवाचं नाव घेतलं.

"अगं, किती सरळ चालवतोय तो," हे पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा. तुमचे सहा पेले झालेत."

चौथ्या वायनरीत मालकीणबाईंनी स्वतः आमच्यापुढे तीन पेले मांडले, आणि त्याच तीन वाईनचे पेले आतल्या टेबलावर, त्याच्या परीक्षेसाठी. त्या जरा बाजूला झाल्या आणि हा आला, वही उघडून.

"बाई, या तिन्हींचं सांगा ना. तेवढे शेवटचे."

माझा पारा चढला. "आधी तुम्ही सांगा, प्यायलात किती? आमचा जीव काय वाटेवर पडलाय?"

"मी? थेंब नाही, बाई. गाडी चालवताना कधीच नाही."

"मग हा भपकारा कसला येतोय?"

"कसला भपकारा?"

तो खरंच गोंधळला होता. मालकीणबाई परत आल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि थबकल्या. "नाकवाले, बाही कशाने भिजलीय?"

"ही? पाणी आहे. मघाशी पिंपं धूत होते, तिथे उडालं."

"पाणी नाही. दारापर्यंत वास येतोय वाईनचा."

त्याने बाही नाकाशी नेली. तशीच धरून ठेवली. पुन्हा एकदा जोरात श्वास ओढला. टेबलावर वही उघडी पडली होती आणि त्यात माझे शब्द होते, सकाळपासूनचे सगळे, सुवाच्य अक्षरात. बत्तीस वर्षांत इतकी उघडी कॉपी मी पाहिली नव्हती, आणि पकडल्यावर इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं.

"कधीपासून?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तापानंतर. मधूनच वाटतं, वास येतोय परत. आज सकाळीसुद्धा वाटलं होतं."

त्यांनी आतल्या टेबलावर परीक्षेसाठी मांडलेले पेले एकेक करून उचलून ठेवले.

परतीला त्याने तितकीच सरळ गाडी चालवली. मला तोंड वर करायची लाज वाटत होती. अर्ध्या उतारावर त्याने गाडी बाजूला घेतली.

"बाई, खरं सांगा. अजून येतोय वास? बायकोला वाटेल, काम झालं नाही म्हणून प्यालो."

"येतोय," मी म्हणाले. "स्वेटर काढा."

त्याने काढला, पिशवीत घालून डिकीत ठेवला आणि इस्त्रीच्या शर्टात, थंडीत माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. "आता?"

मी बाहेर वाकून वास घेतला. "आता नाही. नुसता साबणाचा येतोय."

"हो, तिने नवा आणलाय म्हणाली. कसला आहे हो?"

"मोगऱ्याचा," मी म्हणाले.

त्याने खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं.