मावशीला आणायला धुळ्याला गेले

आई गेल्यापासून धुळ्यात पाऊल टाकलं नव्हतं. मागच्या रविवारी निघालेच. आईची धाकटी बहीण, आमची मावशी, तिथे एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी आईला आणलं तसं आता हिलाही कायमचं जळगावला आणायचं, म्हणून आईची खोली झाडूनसुद्धा ठेवली होती.

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. एरंडोल-पारोळ्यावरून दोन-अडीच तास, बायकांना अर्धं तिकीट. उतरल्यावर रिक्षावाल्याला नुसता गल्लीचा नंबर सांगायचा. जुन्या धुळ्यातल्या गल्ल्या इतक्या सरळ आखल्यात की पाहुणाही चुकत नाही.

माझा धंदाच कॉलन्यांचे ले-आउट काढायचा. आम्ही राहतो ती कॉलनीही मीच आखली. रुंद रस्ते, कोपऱ्यात बाग, दुकान एकही नाही. 'शांत वस्ती' म्हणून काय मिरवले होते तेव्हा!

दुपारी मावशीने शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊ घातली. ऊन उतरल्यावर म्हणाली, "चाल, भाजी लई येऊत." भाजी आणायला बाजार अर्ध्या किलोमीटरवर, तेवढ्याला तासभर लागला. चार घरं झाली की एक ओटा, ओटा आला की मावशी बसणार, आतून कोणीतरी पाणी आणणार. मध्येच गिरणी, औषधाचं दुकान, मग चांभार. त्याने तिची झिजलेली चप्पल हातात घेतली.

"अक्का, आता नवी घ्या की!"

"मंग तू काय खाशी रे?"

दोघं खदखदून हसली. गटारं उघडी होती, मोटारसायकली अंगावर येत होत्या, स्वर्ग नव्हे तो. तरी मावशी रमली होती.

तिसऱ्या ओट्यावर ती म्हणाली, "तुनी माय आठेच दम खाये."

आई इथेच विसावा घ्यायची! माझे डोळे भरून आले. तशातच विषय काढला, "मावशी, चल ना माझ्याकडे. भाजी दारात येते, दळण घरी येतं. उंबरा ओलांडायला नको."

"मंग मी दिनभर जाऊ कोठे?"

जळगावला आणल्यावर डॉक्टरांनी आईला चालायला सांगितलं होतं. मी तिला बागेत नेऊन सोडायची. "अगं, पण जायचं कुठे?" ती विचारायची. मी खेकसायची, "आई, जायचं कुठे नाही, नुसतं फिरायचं!" दोन चकरांत ती थकायची. बसायला जागा आखायचं मला सुचलंच नव्हतं. पुढे ती खाटेवरून उतरेनाशी झाली. चुकलंच माझं. कुणाला सांगू?

मावशीला पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळच्या बसने एकटीच परतले. माझ्यासारखे नकाशे काढणारे कोणी वाचत असाल, तर एकदा म्हातारं माणूस सोबत घेऊन त्या गल्ल्यांतून हिंडा, त्याच्या चालीने.

घरी येऊन आईची खोली उघडली. ती इथे आली त्या आठवड्यात मी तिला चपला घेतल्या होत्या. खाटेखालून काढून उलट्या केल्या. तळाचा नंबर अजून स्वच्छ वाचता येत होता.