पत्र्याच्या बाजूचे लोक

नाताळ जवळ आला की आमच्या पाळकसाहेबांना अंधारातल्या लोकांचा फार कळवळा यायचा. रविवारमागून रविवार ते प्रकाशावर आणि आशेवर बोलायचे, आणि आवाज असा लावायचे की प्रकाशाची किल्ली त्यांच्याच कोटाच्या खिशात आहे. समोर आम्ही बसलेले. राहुरीपासून आत, आडवळणाला आमची ख्रिस्ती वस्ती होती. बहुतेक सगळे दुसऱ्याच्या शेतात राबणारे.

महायुद्ध चालू होतं. रॉकेल रेशनवर मिळायचं, तेही मिळालं तर. त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी मिशनचे साहेब आमच्या रस्त्याने मोटारीतून जाणार असं कळलं, आणि पाळकसाहेब व मंडळीचे पंच यांच्या अंगात आलं. देवळासमोर, म्हणजे आमच्या चर्चसमोर, जिल्ह्यात कुणाची नसेल एवढी चांदणी लावायची आणि तिच्यात गॅसबत्ती ठेवायची असं ठरलं. त्यासाठी घराघरातलं रॉकेल गोळा केलं. देवाच्या कामाला नाही म्हणायची कुणाची छाती होती? आम्हीही कंदील उपडा करून होतं नव्हतं ते दिलं. पंचांनी बाटली हुंगून पाहिली, आम्ही पाणी तर घातलं नाही ना म्हणून.

चांदणी झाली कामट्यांची आणि लाल पतंगी कागदाची. तिच्या पाठीला रॉकेलच्या डब्याचा पत्रा उलगडून ठोकला, म्हणजे सगळा उजेड रस्त्याकडे पडावा. रस्ता देवळाच्या पुढे होता आणि वस्ती मागे. ज्यांचं रॉकेल जळणार त्यांच्या वाट्याला पत्रा आला. ही अक्कल कुणाची ते कधी कळलं नाही. पंचांपैकी कुणालाही ती शोभली असती.

त्याच दिवशी वहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. भाऊ सुट्टीवर येऊन पुन्हा लढाईवर गेला होता. तिचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं. हे तरी हाती लागावं, यापलीकडे आमच्या घराला त्या नाताळात काही मागायचं नव्हतं. दिवेलागणीला, म्हणजे इतरांच्या घरी दिवे लागतात त्या वेळेला, गावातली सुईण आमच्या चुलीच्या धुरकट उजेडात चाचपडत होती.

"पोर पायाळू हाय," ती आईला म्हणाली. "मला काय बी दिसंना. उजेड आना, न्हाई तर माज्याच्यानं हुनार न्हाई."

गोडं तेल भाकरीवर घ्यायला नव्हतं, ते दिव्यात कुठून येणार? आई उठली आणि देवळाकडे निघाली. मी तिच्यामागे पळाले.

चांदणी पेटली होती. तिच्याखाली पाळकसाहेब काळा कोट घालून रस्त्याकडे डोळे लावून उभे होते, आणि पंच त्यांच्यामागे ओळीने. आईने सलाम केला, वहिनीची अवस्था सांगितली आणि बत्ती मागितली.

"साहेब येऊन जाऊ द्या, बाई," पाळकसाहेब म्हणाले. "मग लगेच पाठवतो. तोवर आपण तिच्यासाठी प्रार्थना करू."

"तुमी प्रार्थना करा," आई म्हणाली. "बत्ती मी नेते."

तिने खांबाची दोरी सोडली. चांदणी धाडकन खाली आली, कागद फाटला, आणि आईने पदर हाताला गुंडाळून तापलेली बत्ती बाहेर ओढली. पंचांनी डोळे वटारले, पण हात भाजायची तयारी एकाचीही नव्हती.

मूल वाचलं. मुलगी झाली. साहेब आलेच नाहीत. त्यांनाही म्हणे पेट्रोल मिळालं नव्हतं.

सव्वा महिन्याने वहिनी बाळाला घेऊन देवळात आली. आमच्यात अशा वेळी उभं राहून देवाच्या उपकारांची साक्ष द्यायची रीत आहे. पण आधी पाळकसाहेबच उठले. अडलेल्या बाळंतिणीसाठी आपल्या मंडळीने आपली चांदणी कशी आनंदाने उतरवून दिली, आशा म्हणतात ती हीच, असं ते रंगवून सांगत राहिले. ज्या पंचांनी डोळे वटारले होते ते आता माना डोलवत होते. इतका निर्लज्ज टेंभा मिरवलेला मी पुढे पुढाऱ्यांच्या सभेतही पाहिला नाही. मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

मग त्यांनी आईला साक्ष द्यायला बोलावलं. आई बाळाला छातीशी धरून उभी राहिली. तिच्या तळहातावरचे डाग अजून गेले नव्हते.

"देवाचं उपकार लई हायेत," ती म्हणाली. "पन पाळकसाहेब, चांदणीला पत्रा कुठल्या अंगाला ठोकला हुता, तेवढं मंडळीला सांगा."

आणि खाली बसली. पाळकसाहेबांनी घाईघाईने भजन सुरू केलं. बाळाने भोकाड पसरलं ते भजन संपेपर्यंत, आणि त्याला गप्प करायची आईने अजिबात घाई केली नाही.