यादीतून गाळलेलं नाव

गावच्या तिठ्यावर सैनिकांचं स्मारक करायचं ठरलं आणि नावांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मी निवृत्त मास्तर, अक्षर बरं. म्हटलं, चला, बसल्याजागी पुण्य. कसलं पुण्य? डोक्याला नुसता भुंगा लागला.

लढाईत गेलेले कोण, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. अडलं ते आमच्याच घरात. माझे काका पाकिस्तानच्या लढाईत बेपत्ता झाले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. काकांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पलटणीकडून पत्र आलं, माणूस आला नाही. आजोबा ते पत्र घेऊन देवळात गेले, देवीला कौल लावायला. आमच्याकडे काहीही अडलं की तिलाच विचारायची रीत. गुरव मूर्तीला दोन बाजूंना पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. 'झिल जितो आसा काय?' मुलगा जिवंत आहे का, असं आजोबांनी विचारलं. उजवी पडली, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि विषय मिटला. देवीच्या शब्दापुढे पलटणीचं पत्र काय करणार?

तेव्हापासून काकी सवाष्ण. पंचाहत्तरी उलटली तरी कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. लग्नकार्यात ओटी भरायला पहिली हाक तिलाच. आता दगडावर काकांचं नाव कोरायचं म्हणजे आपल्या हाताने तिचं कुंकू पुसायचं. नाही कोरायचं, तर देशासाठी गेलेल्या माणसाला त्याच्याच गावाने विसरायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सरपंच म्हणाले, "नावापुढे बेपत्ता लिवा मास्तर, संपला." मला त्यांचा रागच आला. स्मारक आहे की पोलीसठाणं?

काकीला विचारायचं धाडस होईना. तीनदा तिच्या पडवीत जाऊन बसलो, तीनदा चहा पिऊन, आंब्याच्या मोहोरावर बोलून परत आलो. शेवटी माझं मीच ठरवलं आणि काकांना यादीतून गाळलं. तिच्या भल्यासाठीच, असं स्वतःला बजावलं. तरी जेवण गोड लागेना.

अनावरणाला सगळा गाव जमला. काकीही आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. भाषणं संपल्यावर तिने मला हाताला धरून दगडासमोर नेलं.

"वाच रे नावां."

वाचली.

"परत वाच."

परत वाचली.

"तुझ्या काकांचा खंय आसा?"

"काकी, देवीचो कौल होतो मा, ते जिते आसत म्हणान..." मी चाचरत म्हणालो.

"कौल डावो पडललो," ती म्हणाली. "मी थंयच खांबाच्या मागे उबी होतंय. मामंजींनी घराक येवन उजवो सांगल्यानी. माजा कुंकू ऱ्हवांदे म्हणान."

"मग तू बोललंस नाय कित्या?"

"तेंचो जीव त्या खोट्यावर उबो होतो रे. मी बोललंय असतंय तर तेंचो झिल परत एकदा मेलो असतो."

म्हणजे इतकी वर्षं कोण कोणाला सांभाळत होतं? आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली, त्यानंतर तरी का गप्प राहिलीस, हे अगदी ओठावर आलं होतं. पण मी तरी काय वेगळं केलं होतं? तिला न विचारता आजोबांचंच खोटं मी पुढे चालवलं होतं, आणि वर स्वतःला शहाणा समजत होतो.

काकी दगडाकडेच बघत होती. "नाव घाल तेंचा," ती म्हणाली. "आणि औंदा म्हाळ पण घाल. भादव्यात सगळे आपापल्या पितरांका पान वाडतत, आणि माजो घोव पन्नास वर्सां उपाशी आसा."