वादळाचं भिंग

"मालकांनु, ह्या भिंग भंगारात घालूक देवचंय नाय मी!"

"सहदेवा, घरोघर व्हिडिओ आलाय. थेटरात कुत्रं फिरकत नाही. भिंगाने काय होणार?"

"आज वादळाचो सीन येवंदे, मगे बोला."

कुर्ल्याच्या त्या थेटरात सहदेव मशीन चालवायचा. त्याने जुनं भिंग दुसऱ्या मशीनला चढवलं, वादळाचं रीळ त्यावर लावलं. पडद्यावर दर्या खवळला तशी त्याने दुसरी मशीन चालू केली, आणि खाली त्याच्या बायकोने, जानकीने, पडद्याच्या कडेचं काळं कापड दोरीने ओढून पडदा मोठा केला. भिंगाने चित्र दुप्पट फुगलं, पण फिकटलं. उजेड वाढवायला सहदेवने मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या जळत्या कांड्या जवळ सारल्या. लाट लख्ख होऊन अंगावर आली. पुढच्या बाकांवरच्या बायांनी पाय वर घेतले, मागून शिट्ट्या पडल्या.

"राहू दे तुझं भिंग," मशीनच्या खोलीत त्याच्या बाजूला उभे असलेले मालक हसत म्हणाले.

"बाजूक व्हा, रीळ संपाक इला," म्हणत सहदेव पुढचं रीळ लावलेल्या पहिल्या मशीनकडे वळला.