कोल्ह्याची गोळी

हरीण पडलं नाही. गोळी लागल्याचा आवाज मी नीट ऐकला होता, तरी ते धडपडलं, सावरलं आणि तीन पायांवर काटेरी झुडपांत शिरलं. दुपारचे तीन वाजले होते. फेब्रुवारीत इथे इंग्लंडात, साउथहॅम्प्टनच्या बाजूला साडेपाचनंतर रानात काही दिसत नाही. तेवढ्या वेळात ते सापडायला हवं होतं, नाहीतर रात्रभर कुठेतरी तडफडत पडलं असतं, माझ्यामुळे.

हा सगळा माझ्या अतिशहाणपणाचा प्रताप. मी हॉस्पिटलमध्ये लहान मुलांना भूल देतो. ऑन-कॉलमधून महिन्याला एखादा रविवार सुटायचा, तेव्हा एका शेतकऱ्याच्या रानात रायफल घेऊन जायचो. त्याची कोकरं कोल्हा पळवायचा आणि नवी लावलेली झाडं हरणं खायची. त्याला दोघांचाही बंदोबस्त हवा होता आणि माझ्या परवान्यावर दोन्ही जनावरं होती. कोल्ह्याची गोळी हलकी, लागताक्षणी फुटणारी. हरणाची जड, एकसंध राहून खोल जाणारी. पण गोळी बदलली की नेम सरकतो, मग रायफलची दुर्बीण पुन्हा जुळवत बसा. मला एवढा वेळ कुठला? दोन्हीला चालेल अशी एकच गोळी मला हवी होती.

शेतकऱ्याने बजावलं होतं की मोठ्या जनावराची गोळी घ्या, कोल्हा तिनेही मरतो. मी मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःचं गणित मांडलं. मुलांचा डोस मी वजनावरून काढतो, वीस वर्षं तेच करतोय. इथलं रो जातीचं हरीण म्हणजे फार तर बावीस किलो, पहिली-दुसरीतल्या पोराएवढं. त्याला कशाला हवी जड गोळी? शिवाय नेमाच्या सरावात हलकीची भोकं कागदावर एकमेकांना चिकटून पडत होती. घेतली तीच.

आता त्या झुडपांत मी गुडघ्यांवर रांगत होतो. रक्ताचे चार थेंब मिळाले, मग हाडाची एक बारीक कपची, मग काहीच नाही. शेतकऱ्याला फोन केला, तो त्याची म्हातारी कुत्री घेऊन आला. कुत्रीला रक्ताचा वास देऊन तो पुढे निघाला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ऑपरेशन थिएटरमध्ये पोराचा श्वास अडला तर माझ्या हाताशी यंत्रं असतात, माणसं असतात. इथे बुटांत पाणी होतं आणि उजेड चालला होता. दोनदा हरीण समजून मी वाळल्या नेच्यांकडे धावलो. देवाला शेवटचा नमस्कार कधी केला होता ते आठवत नाही, पण त्या दिवशी मी मोठ्याने त्याची विनवणी करत होतो.

पाच वाजून गेल्यावर कुत्री एका ओढ्याकाठी थांबली. हरणी बसली होती, मान ताठ. तिचा खांदा ताटलीएवढा उघडा पडला होता. गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली होती, आत पोचलीच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे कान हलत होते.

"डॉक्टर," शेतकरी म्हणाला, "हे तुम्हीच संपवायचं."

मी डोक्यात गोळी घातली. तेवढ्या जवळून हलकीही पुरली.

शेडमध्ये त्याने तिला काट्याला लटकवलं. मारलेल्या प्रत्येक हरणाचं वजन तो वहीत लिहून ठेवायचा. त्याने चष्मा लावून काटा वाचला.

"बावीस," तो म्हणाला.

माझा अंदाज किलोभरानेही चुकला नव्हता. मी शेडबाहेर जाऊन रडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझ्या टेबलावर सहा वर्षांचं एक पोर यायचं होतं.