हॉटेलातलं धोंड्याचं जेवण

अधिक महिन्यात जावयाला सासरी जेवायला बोलावतात. पानात पुरणाचे धोंडे वाढतात, आणि जेवण झालं की तेहतीस अनारसे आणि दिवा ठेवलेलं ताट त्याच्या हातात देतात. दर तीन वर्षांनी येणारं हे जेवण आमच्याकडे आजवर घाटंजीला, दादाच्या घरी झालं. यंदा दादाचा फोन आला.

"बाई, या बारीनं जेवण हॉटेलात ठेवलं. लोहाऱ्याच्या रस्त्यावर नवीन झालं ना, त्याच्यात. तुमालेबी जवळ पडते."

"धोंड्याचं जेवण हॉटेलात काहून?"

"घरी लाइन रायत नाही. ऊन कसं तापून राह्यलं पाय. तुया वहिनीचे गुडघे दुखतेत. अन् तिथं एसी आहे."

एका प्रश्नाला चार कारणं. माझा दादा एरवी एकही कारण देत नाही. मी फोन ठेवला आणि डायरीत लिहिलं: हॉटेल का?

त्या हॉटेलाबद्दल मला एवढंच माहीत होतं की एका बाजूला रेस्टॉरंट आहे, दुसऱ्या बाजूला बार, आणि मधे फक्त काळ्या काचेचं दार. आमच्या शाळेच्या कार्यालयातल्या एका बाईंच्या मुलाचा साखरपुडा तिथे झाला होता. त्या म्हणाल्या होत्या, जेवण चांगलं, पण माणसं हात धुवायला जातात आणि अर्ध्या तासानं येतात.

मागचा धोंडा श्रावणात आला होता. जेवणाआधी दादा माझ्या नवऱ्याला शेत दाखवायला घेऊन गेला. दोघं परत आले तेव्हा ह्यांना ताट धरवलं नाही. दिवा विझला, अनारसे अंगणभर घरंगळले, वहिनी वाकून वेचत राहिल्या आणि शेजारच्या बायका कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. गाडी मी चालवत यवतमाळला आणली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दारू सोडली. म्हणजे सोडली असं सांगितलं. पुढे डॉक्टरांनी लिव्हरचा फोटो बघून बजावलं की आता एक घोटसुद्धा चालणार नाही. तेव्हापासून रोज झोपण्याआधी मी डायरीत तारखेपुढे एक टिंब काढते. टिंब म्हणजे आज नाही. पहिल्या वर्षातल्या काही तारखांपुढे टिंब नाही. त्यानंतर एकही तारीख सुटलेली नाही. पण ह्यांच्याबरोबर दादानं असं टेबलाला बसण्याचाही प्रसंग त्यानंतर आला नव्हता.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी यादी केली. ह्यांची गोळी. वहिनींना साडी. बसताना दादा आणि हे समोरासमोर नकोत. गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये. किल्ली मागून घेतली तेव्हा हे म्हणाले, "जाताना तरी चालवू दे." मी म्हटलं, "येताना कुणी चालवायची तो प्रश्न आहे." जातानाही मीच चालवली.

दादा आणि वहिनी आमच्या आधी येऊन बसले होते. रेस्टॉरंट गार, जाड पडद्यांचं. नॅपकिन पंख्यासारखे घड्या घालून ग्लासात खोवलेले. वहिनींच्या पायाशी बाजाराची मोठी थैली होती, वरून टॉवेल खोचलेला.

"त्याच्यात काय, वहिनी?"

"गोळ्या अन् पाणी. मले इथलं पाणी सोसत नाही ना, बाई."

त्यांनी थैली पायानं आत सरकवली तेव्हा आतून काचेवर स्टील आपटल्यासारखा आवाज आला. गोळ्यांचा असा आवाज होत नाही.

मी ह्यांना माझ्या शेजारी बसवलं आणि मेनू वाचायला घेतला. मी छापलेलं सगळं वाचते. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. ऑर्डर दादानं दिली. पनीरची भाजी, वांग्याची भाजी, रोट्या, जिरा राइस. गोड काहीच नाही. धोंड्याच्या जेवणात गोड नाही, आणि सांगणारा माणूस जेवणानंतर दोन वाट्या बासुंदी पिणारा. हे मी मनात टिपून ठेवलं.

"जवाईबापू, तब्येत काय म्हणते?" दादानं विचारलं.

"बायकोले इचारा. हिशेब तिच्यापाशी रायते," हे म्हणाले.

वहिनी हसल्या. मी हसले नाही.

रोट्या संपत आल्या तशा वहिनी उठल्या. "येतो जरा," म्हणून थैलीसकट काळ्या काचेच्या दाराकडे गेल्या. मी म्हटलं, "बाथरूम इकडं आहे, वहिनी." त्यांना ऐकू आलं नसावं. दहा मिनिटं गेली. मग वेटर आला, दादाच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "साब, उधर सब रेडी है."

"काय रेडी आहे?" मी विचारलं.

"बिल," दादा म्हणाला. बिल कधी 'उधर' असतं का? तो उठला, दोन पावलं जाऊन वळला. "जवाईबापू, दोन मिनिटं या तं इकडं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नॅपकिन टेबलावर ठेवला आणि गेले. काच उघडली, मिटली. त्या काचेत मला फक्त मी आणि तीन रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या.

आमच्याकडे बायका बारमध्ये जात नाहीत. बंदीचा प्रश्न नाही, कुणी जातच नाही. मी घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. त्या पाच मिनिटांत मी पुढचं सगळं ठरवून टाकलं: ह्यांना गाडीत कसं घालायचं, डॉक्टरांना काय सांगायचं, दादाशी बोलणं कधीपासून बंद. मग पर्स घेतली आणि दार ढकललं.

आत उजेड कमी होता. काउंटरमागे बाटल्यांच्या रांगा, त्यांच्यापुढे एक माणूस हात बांधून उभा. गिऱ्हाईक कोणीच नव्हतं. कोपऱ्यातल्या सोफ्यावर हे बसले होते. त्यांच्यापुढे बुटका जाड ग्लास, त्यात बर्फ आणि पिवळसर सोनेरी काहीतरी. अर्धा संपलेला. वहिनी मला पाठमोऱ्या वाकलेल्या होत्या. दादा दाराकडेच येत होता. मला बघून थांबला.

"तुलेच बोलवाले येऊन राह्यलो होतो," तो म्हणाला.

मी त्याला ओलांडून गेले, ग्लास उचलला आणि त्यातला मोठा घोट घेतला.

कैरीचं पन्हं होतं. वेलदोडा नको तेवढा जास्त. आमच्या घरात पन्ह्यात एवढा वेलदोडा फक्त वहिनी घालतात.

काउंटरवरचा माणूस बाटल्या पुसायला लागला. मग हे म्हणाले, "पुरा पे ना. दारू खाली तळाशी असन."

मी ग्लास खाली ठेवला. तेव्हा मला बाकीचं दिसलं. वहिनींनी टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला होता. त्यावर पितळेचं ताट, ताटात अनारसे, मधे निरांजन. शेजारी डब्यात वाफवलेले धोंडे, तुपाची वाटी, पन्ह्याची काचेची बरणी. पलीकडे बाहेरचं आणू देत नाहीत, म्हणून दादानं सकाळीच येऊन बारवाल्याशी बोलणं केलं होतं. दुपारी इकडे कोणी नसतं. ग्लास बारचे, कारण वहिनी पेले आणायला विसरल्या.

"मले सांगता नाही आलं?" मी दादाला म्हटलं.

"सांगितलं असतं तं तू जवाईबापूले इथं येऊ देलं असतं काय?"

"घरी काहून नाही केलं मंग?"

उत्तर वहिनींनी दिलं. "मागच्या बारीनं सगळी गल्ली पाहत होती, बाई. मले याईच्या हातात ताट द्याचं होतं, पण त्या अंगणात नाही."

पाचवं कारण हे होतं. तेवढं एकच खरं होतं.

पुढचं लवकर झालं. एसीच्या वाऱ्यानं निरांजन राहीना, म्हणून बारवाल्यानं न सांगता एसी बंद केला. मी ह्यांच्या शेजारी बसले. धोंडे खाल्ले, बाटल्यांसमोर बसून, तूप घालून. वहिनींनी ह्यांना ओवाळलं. मी सवयीनं अनारसे मोजले. तेहतीस होते.

"पस्तीस केलते," वहिनी म्हणाल्या. "एक त्या काउंटरवाल्याले, अन् एक तुया दादानं चाखला."

ह्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. माझं लक्ष तिथेच होतं आणि माझं लक्ष आहे हे त्यांना ठाऊक होतं. ज्योत हलली, विझली नाही. ते उठले आणि ताट घेऊन काळ्या दारातून, रेस्टॉरंटमधून, जेवणाऱ्या लोकांच्या मधून सरळ बाहेर चालत गेले. पोर्चमध्ये गरम वाऱ्यानं दिवा गेला, पण तोवर ते गाडीशी पोचले होते.

मी साडी वहिनींना दिली, निरोप घेतला आणि मागून आले. हे गाडीच्या उजव्या दाराशी उन्हात उभे होते.

"ताट धर," ते म्हणाले. "किल्ली दे."

मी ताट घेतलं. किल्ली देताना एक पाऊल गरजेपेक्षा जास्त जवळ गेले.

"आला का वास?" त्यांनी विचारलं.

"वेलदोड्याचा."

"मंग बस."

मी डावीकडे बसले, ताट मांडीवर घेतलं. लोहाऱ्याचा चौक आला. मग मी पर्समधून डायरी काढली आणि त्या तारखेपुढे टिंब काढलं. दुपारचे तीन वाजले होते. त्याआधी मी कधी झोपायच्या वेळेअगोदर टिंब काढलं नव्हतं. ह्यांनी ते बघितलं, रस्त्याकडे नजर वळवली आणि म्हणाले, "संध्याकाळ बाकी आहे अजून."

"माहीत आहे," मी म्हटलं.